पाद्रीबुवांचा झगा आणि विसरलेला पुकारा

झगा म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे राजाचा नाहीतर जादूगाराचा झगा येत असेल. मित्रांनो, मी त्यातला नाही. मी आहे एक जुना पांढरा लिननचा झगा. माझ्यावर मेणाचे दोन डाग आहेत, ते कशानेही निघत नाहीत, आणि आता माझे मापही पहिल्यासारखे राहिलेले नाही. मार्शथॉर्प नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये मी सत्तावीस वर्षे एकाच माणसाच्या अंगावर होतो. त्यांचे नाव रेव्हरंड अँब्रोज स्टॅनिलँड. गाव त्यांना पाद्रीबुवा म्हणे.

माझा जन्म जवसाच्या शेतात झाला. निळी फुले गळली, काड्या पाण्यात कुजवल्या, कुटल्या, विंचरल्या, आणि त्यांचे सूत निघाले. कापड होऊन मी दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून होतो. तेथून मला उचलले मिस हॅरिएट यांनी. त्या पाद्रीबुवांच्या थोरल्या बहीण. भावाला मार्शथॉर्पचे चर्च मिळाले तेव्हा त्याचे घर सांभाळायला त्याही आल्या, आणि आल्या त्या आठवड्यातच मला बेतायला बसल्या.

बाह्या इतक्या रुंद कशाला, एकेका बाहीत एकेक कोंबडी मावेल, असे पाद्रीबुवा म्हणाले. मिस हॅरिएट तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाल्या, "अँब्रोज, बोलायला लागलास की तुझे हात पवनचक्कीसारखे फिरतात. अरुंद बाही पहिल्याच रविवारी फाटेल. गप्प उभा राहा."

त्यांचे खरेच होते. पाद्रीबुवा उंच, किडकिडीत आणि विसरभोळे. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधायचे. पण व्यासपीठावर चढले की त्यांच्या छातीत काय धडधडे ते मला ठाऊक. कापड अंगाला लागून असते ना, त्याला सगळे कळते. लहान बाळाचा बाप्तिस्मा असला की ती छाती हसत असे. कुणाला दफनभूमीत पोचवायला गेलो की ती दगडासारखी जड होई, पण आवाज कधी हलला नाही.

विचारांनी ते मोकळे होते. देवाचे दार माणसांनी अरुंद केले आहे, ते आपण थोडे उघडू या, असे ते म्हणत. शाळेच्या बाईंना त्यांनी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला सांगितला, तेव्हा अर्धे गाव आ वासून बसले होते. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या एका तान्ह्या मुलीला त्यांनी दफनभूमीच्या भिंतीबाहेर नव्हे, तर आत, तिच्या आजोबांच्या शेजारी जागा दिली. त्या दिवशी पाऊस होता. मी चिंब भिजलो आणि मला त्याचा अभिमान वाटला.

चर्चचे कारभारी मिस्टर थर्किल यांना मात्र हे काही पटत नसे. माणूस सचोटीचा, पण चेहरा नेहमी आंबट सफरचंद चावल्यासारखा. पुलापलीकडच्या चॅपेलवाल्यांशी तर त्यांचा जन्माचा दावा. चॅपेल म्हणजे दुसऱ्या पंथाचे साधे प्रार्थनाघर. चॅपेलवालेही त्याच देवाला भजत, पण आमच्याकडे पाऊल टाकत नसत. त्यांचे गाणे मोठे, आमचे हळू. एवढ्यावरून तीन पिढ्या एकमेकांकडे तोंड फिरवून गेल्या होत्या.

आता मी तुम्हाला माझा गुन्हा सांगतो.

चॅपेलवाल्यांची डोरकस पिंचबेक आणि आमच्याकडचा धनगर जेथ्रो ऑडलिंग यांचे लग्न ठरले. सहा वर्षे ती दोघे थांबली होती, कारण राहायला घर नव्हते. शेवटी एका मोठ्या शेतावर जेथ्रोला मुख्य धनगराची जागा मिळाली, आणि जागेबरोबर एक घर. अट एकच. घर लग्न झालेल्या माणसालाच. सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, शेतांवरची माणसे बदलतात आणि किल्ल्या हातोहात जातात. त्या वर्षी तो सण सोमवारी होता. लग्न शनिवारी, कारण शेताच्या मालकाला लग्नाचा दाखला त्याच दिवशी हवा होता. एक दिवस चुकला तर घर दुसऱ्याला.

आमच्याकडे लग्नाआधी पुकारा करावा लागतो. लागोपाठ तीन रविवारी, सकाळच्या प्रार्थनेत, दोघांची नावे मोठ्याने वाचायची आणि कुणाची हरकत आहे का विचारायचे. तीन म्हणजे तीन. एक राहिला तर ते लग्न कायद्याने उभे राहत नाही. दोन रविवार झाले. तिसऱ्या रविवारी पाद्रीबुवांचे चित्त आपल्या उपदेशातच होते. देव कुणालाही कायमचे नरकाच्या आगीत ठेवत नाही, हे ते त्या दिवशी पहिल्यांदाच उघड सांगणार होते. सूचना वाचायला ते मेजापाशी उभे राहिले, हात पसरला, आणि माझी डावी बाही सगळीच्या सगळी पुकाऱ्याच्या वहीवर पडली. वही दिसली नाही. त्यांनी भोपळ्यांच्या प्रदर्शनाची सूचना वाचली, मुलांच्या रविवारच्या वर्गाची सूचना वाचली, आणि ते थेट व्यासपीठाकडे निघाले.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. मी फक्त लोंबू शकतो. जमेल तितका लोंबलो.

कुणीच कसे बोलले नाही? लग्नाची जोडी हजर नव्हती, कारण स्वतःचा पुकारा स्वतःच्या कानांनी ऐकला तर मुले मुकी निपजतात, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे. मिस हॅरिएट सर्दीने घरी होत्या. आणि बाकीच्यांना उपदेशानंतर दुसरे काही आठवतच नव्हते. नरक खरेच रिकामा होणार का, यावर लोक दारात अर्धा तास उभे होते. एका माणसाच्या मात्र ध्यानात आले होते. मिस्टर थर्किल यांच्या. ते टोपी घालून गुपचूप घरी गेले.

गुरुवारी दुपारी पाद्रीबुवांनी वही उघडली. तिसरी ओळ कोरी होती. त्या वेळी मी खुंटीवर होतो. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झालेला मी पाहिला.

दुसरा कुणी असता तर आधी सबब शोधायला बसला असता. पाद्रीबुवा सायकलवर बसले आणि पुलापलीकडे डोरकसच्या दारात जाऊन उभे राहिले. जाताना वाटेत भेटेल त्याला त्यांनी आपली चूक सांगितली, लोहारालाही आणि टपालवाल्यालाही. डोरकस अंगणात कपडे पिळत होती. पुढे तिनेच हे मला पुष्कळदा सांगितले.

ऐकता ऐकता तिचे पिळे घट्ट होत गेले. मग म्हणाली, "नरकातून सगळ्यांना बाहेर काढलंत म्हणे, पाद्रीबुवा. आम्हा दोघांना तेवढं आत विसरलात."

"विसरलो," ते म्हणाले. "चूक माझी आहे. आता बिशपसाहेबांच्या सहीचा परवाना आणला तर पुकाऱ्याशिवाय लग्न लागतं. उद्या जेथ्रोला घेऊन जातो."

"तुमच्यावर तर ते चिडलेत ना? पेपरात आलंय."

"चिडलेत," पाद्रीबुवा म्हणाले. "म्हणून तर लवकरच्या गाडीनं जायला हवं."

सकाळी मिस हॅरिएट यांनी भावाच्या हातात खाकी कागदाची दोन पुडकी दिली. एकात पुकाऱ्याची वही, बिशपसाहेबांना दाखवायला. दुसऱ्यात मी, वाटेत धोबिणीकडे टाकायला, कारण रविवारी मुलांच्या चहापानात माझ्यावर जॅम सांडला होता. कुठले कशात हे त्यांनी दोनदा बजावून सांगितले. पाद्रीबुवांनी दोनदा मान डोलावली. मग एक पुडके त्यांनी धोबिणीच्या पायरीवर ठेवले, जेथ्रो सायकलच्या मागच्या चाकाच्या खुंटीवर उभा राहिला, आणि आम्ही तिघे स्टेशनाकडे निघालो. तिघे म्हणजे मीसुद्धा. आता तुमच्या लक्षात आले असेल.

बिशपच्या वाड्यात कारकुनाने स्टॅनिलँड हे नाव ऐकले आणि लेखणी खाली ठेवली. त्या नावाचा कुठलाही कागद आधी साहेबांकडे न्यायचा, असा हुकूम होता. आम्हाला आत नेले. बिशपसाहेब वयस्कर, गोरेपान, भुवया झाडूसारख्या. जेथ्रो खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि टोपी हातात गोल गोल फिरवू लागला.

पाद्रीबुवांनी सगळे सरळ सांगितले, पुडके पुढे ठेवले आणि म्हणाले, "ही पाहा, साहेब. सगळा पुरावा यात आहे."

बिशपसाहेबांनी दोरी सोडली आणि मी मेजावर पसरलो. जॅमसकट.

"हा काय माफीनामा म्हणायचा?" बिशपसाहेबांनी विचारले.

पाद्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा पाहिले. "नाही, साहेब. हा आरोपी आहे. याच बाहीनं वही झाकली. वही बहुतेक या वेळी साबणाच्या पाण्यात असेल."

झाडूसारख्या भुवया थरथरल्या. हसू येऊ नये म्हणून बिशपसाहेब बराच वेळ खोकले. पण काम सोपे झाले नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. नरकाविषयीचा उपदेश चुकीचा होता असे दोन ओळींत लिहून द्यावे, मग परवाना लगेच मिळेल, असे ते शांतपणे म्हणाले.

जेथ्रोची टोपी थांबली. सहा वर्षे, एक घर आणि एक मुलगी, सगळे त्या कोऱ्या कागदावर येऊन बसले होते.

पाद्रीबुवा हळूच म्हणाले, "साहेब, पुकारा विसरलो ही माझी चूक. ती मी गावभर सांगून आलो. उपदेश चूक वाटत असता, तर तोही तसाच सांगून आलो असतो. मला दुसरी जी शिक्षा द्यायची ती द्या. या मुलांना नको."

बिशपसाहेब जेथ्रोकडे वळले. "तुमचे पाद्रीबुवा तुझ्या लग्नावर पाणी सोडायला निघालेत. तुला काय वाटतं या नरकाबद्दल?"

जेथ्रो उठून उभा राहिला. माणूस कमी बोलणारा, मेंढ्यांतच वाढलेला. "मला त्यातलं काही कळत नाही, साहेब. मेंढरू वाट चुकलं की मी जाऊन आणतो. दोन दिवस लागले तरी. कुठल्याच मालकानं मला कधी सांगितलं नाही, की राहू दे, मरू दे ते."

बिशपसाहेबांनी कोरा कागद मागे ओढला आणि कारकुनाला हाक मारली. जेथ्रोने शपथ घेतली, परवान्यावर सही झाली. पाद्रीबुवांना परवाना देताना ते म्हणाले, "मला तुमचा उपदेश पटलेला नाही, स्टॅनिलँड. यावर आपण पुन्हा भांडू." माझी घडी मात्र त्यांनी स्वतःच्या हातांनी घातली, जॅम आत ठेवून.

शनिवारी सकाळी मी जॅमच्या डागासह अंगावर चढलो, कारण धोबिणीला वेळच मिळाला नव्हता. (वही तिने धुतली नाही. पुस्तक दिसते म्हणून शेगडीपासून लांब ठेवली, देव तिचे भले करो.) एवढ्यात चर्चच्या मागच्या खोलीत मिस्टर थर्किल आले. दाराशी उभे राहून, जमिनीकडे पाहत, त्यांनी सांगितले की रविवारी त्यांच्या लक्षात आले होते आणि ते मुद्दाम गप्प बसले.

पाद्रीबुवांनी माझ्या बाह्या सारख्या केल्या. "मग आज गप्प बसू नका," ते म्हणाले. "मोठ्यानं गा. चॅपेलवाले येतायत, आपलं हसं व्हायला नको."

चॅपेलवाले आले. पूल ओलांडून, काळे कोट घालून, साठ-सत्तर जण, जन्मात पहिल्यांदा. पहिल्या गाण्यालाच छपरावरची कबुतरे उडाली. मिस्टर थर्किल यांचा गळा इतका मोठा आहे हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हते. डोरकस हसत होती, जेथ्रोला शपथेचे शब्द दोनदा सांगावे लागले, आणि माझ्या आत ती किडकिडीत छाती इतकी नाचत होती की शिवण उसवते की काय असे मला वाटले. सोमवारी किल्ली मिळाली.

पाद्रीबुवा पुढे कधीच मोठ्या पदावर गेले नाहीत. त्यांच्याबरोबर शिकलेले लोक मोठमोठ्या चर्चचे अधिकारी झाले. हे मात्र मार्शथॉर्पमध्येच राहिले, यांनी मुलींना चर्चची घंटा वाजवायला शिकवले, चॅपेलच्या उपदेशकाला आपल्या व्यासपीठावर बोलावले, आणि दर वर्षी बिशपसाहेबांशी पत्रांतून आनंदाने भांडले. मिस हॅरिएट गेल्या तेव्हा त्यांनी मला अंगावर घेऊन त्यांना पोचवले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला.

मग ते थकले आणि समुद्रकाठच्या एका लहान घरी राहायला गेले. नव्या पाद्रींनी स्वतःचा नवा झगा आणला. मी आधी खुंटीवरून पेटीत गेलो, पेटीतून चिंध्यांच्या पिशवीत. पितळी दिवे पुसायला जुने लिनन फार छान, असे कुणीतरी म्हणाले. दिवे पुसणे हेही काही हलके काम नाही, अशी मी मनाची समजूत घातली. तरी एक बाही फाडली तेव्हा मला वाईट वाटले.

एका शनिवारी दिवे पुसायची, म्हणजे माझी दुसरी बाही फाडायची, पाळी डोरकसची होती. तिने पिशवीत हात घातला आणि थांबली. बोटे माझ्या मेणाच्या डागांवरून फिरली. दिवे त्या दिवशी तिने स्वतःच्या पदराने, म्हणजे आपल्या कामाच्या एप्रनने पुसले, आणि मला घरी नेले. माझी पाठ अजून भक्कम होती. तिने ती बेतली, बारीक टाके घातले, गळ्याशी निळ्या जवसाची दोन फुले काढली. मी बाळाचे बाप्तिस्म्याचे अंगडे झालो.

पहिले बाळ तिच्याच मुलीचे होते. बाप्तिस्म्याला समुद्रकाठाहून म्हाताऱ्या पाद्रीबुवांना बोलावले होते. त्यांच्या अंगावर दुसराच कुणाचा तरी झगा होता, तोकडा आणि कडक. ते वाकले आणि त्यांनी बाळाला उचलले. सत्तावीस वर्षे मी त्यांना वेढून होतो. त्या दिवशी त्यांनी मला हातांत घेतले. त्यांनी कापड बोटांत धरून पाहिले, डोरकसकडे पाहिले, आणि बाळाचे नावच विसरले. डोरकसने ते त्यांच्या कानात सांगितले.

मित्रांनो, तेव्हापासून एकेचाळीस बाळे माझ्यात रडली आहेत, चर्चची आणि चॅपेलची सारखीच. तुमच्या हातून काही चुकले, तर आधी ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात जा. आणि जुने कापड फाडण्यापूर्वी क्षणभर उजेडात धरून पाहा, कुठे ते अजून भक्कम आहे. मला जपा म्हणजे पेटीत ठेवा असे मी म्हणत नाही. धुवा, उन्हात वाळवा, उसवले तर टाका घाला, आणि पुढचे बाळ आणा. येत्या रविवारी बेचाळिसावे येणार आहे. मुलगी आहे म्हणे, आणि आवाज खणखणीत आहे.