टिबुकलीच्या दारातली होडी

मी शिडाची होडी बोलतेय. हसू नका, पण होडी होण्याआधी मी कपाट होते. सुतारमामानं आपल्या दोन भाच्यांसाठी कपाटाची जुनी दारं कापून मला घडवलं. माझ्या कुशीतलं किल्लीचं भोक त्यानं बुचानं बंद केलं आणि म्हणाला, "आता ही बुडाली तर मला विचारा." बढाई मारायची खोडच होती त्याला.

थोरल्या भाचीला सगळे कप्तान म्हणत, धाकटीला ढब्बू. कप्तान सुकाणू धरायची, ढब्बू शिडाचा दोर ओढायची आणि भांडायच्या मात्र दोघी मिळून. कालव्यातून आम्ही रोज तलावात जायचो. तिथल्या शिडांच्या शर्यतीसाठी दोघींनी वर्षभर घाम गाळला होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी धक्क्यावरचा खुंट रिकामा नव्हता. कप्ताननं घाईत माझा दोर काठच्या पाणगवताला बांधला. त्याच गवताला टिबुकलीनं आपलं तरंगतं घरटं अडकवलं होतं. टिबुकली म्हणजे ओंजळीत मावेल एवढी, सतत बुड्या मारणारी पक्षीण. निघताना दोर अडकला, कप्ताननं हिसका दिला आणि गवताचा जुडगाच उपटून आला. चार अंड्यांसकट घरटं मोटारबोटींच्या वाटेकडे वाहू लागलं. टिबुकली मागून जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

"ताई, हे आपण केलं!" ढब्बू रडकुंडीला आली.

"रड नंतर. आधी शीड उतरव!"

समोरून मोटारबोट आली. कप्ताननं वल्ही मारत मला घरट्याच्या आणि लाटांच्या मध्ये आडवं घातलं. धाडकन लाट बसली आणि मामाचं बूच उडालं! पाण्याची चिळकांडी आत आली. ढब्बूनं भोकात अंगठा खुपसला तो काठ येईपर्यंत काढला नाही. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण माझ्या कुशीचा आधार देत आम्ही घरटं हळूहळू गवतात ढकललं. दोघींनी वेण्यांच्या रिबिनी सोडून ते बांधलं आणि लांब जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं टिबुकली घरट्यावर चढली.

"उद्या पुन्हा लाटा येतील," ढब्बू म्हणाली.

कप्ताननं माझं उतरवलेलं शीड गुंडाळून बांधलं. मग म्हणाली, "होडी इथेच ठेवू."

दुसऱ्या दिवशी शर्यत सुटली तेव्हा नवं बूच लावून, नांगर टाकून मी घरट्यापुढे आडवी उभी होते. दोघी काठावर बसून दुसऱ्यांची शिडं पाहत होत्या. कप्तान रडली, पण मला हलवलं नाही. पुढे दोन आठवड्यांनी टिबुकली बाहेर आली, पाठीवर चार पिल्लं घेऊन. ढब्बूनं माझ्या काठावर इतक्या थापा मारल्या की माझा रंग उडाला.

आता माझं शीड फाटलंय, तळ कुजलाय. मला त्याच गवतापुढे कायमची ठेवलीय. ढब्बू आपल्या लेकीला घेऊन येते. लेक किल्लीच्या भोकात अंगठा घालून बघते आणि म्हणते, "आई, बसतो की!"

कपाट म्हणून मी कपडे सांभाळत जुनी झाले असते. पोरींनो, तुमच्यामुळे मला कुणाचं तरी घर सांभाळायला मिळालं. तुमचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या आडोशाला आज पुन्हा पाच अंडी आहेत. तेवढं जाण्याआधी एकदा बघा, दोर खुंटालाच बांधलाय ना?