पडद्यावरचं नाव

रस्ता सांगणाऱ्या यंत्रातली बाई बोलायच्या आतच सदानंदने गाडी डावीकडे घेतली. मागच्या सीटवर मनस्वी मॅडम हसल्या.

"काका, तिच्या आधी तुम्हाला कसं कळतं?"

"हा रस्ता तिला मीच दाखवलाय, मॅडम."

थट्टा नव्हती ती. दोन वर्षांपूर्वी नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीने त्याची जीप आठ दिवस भाड्याने घेतली होती. मुरबाडपासून सिद्धगडच्या पायथ्यापर्यंतचं एकेक वळण त्याने शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या साहेबाला दाखवलं. स्वतःच्या वस्तीपाशी तर जीप थांबवून कमानीवरची अक्षरं वाचून दाखवली. "भीमनगर. बरोबर लिवा, साहेब." साहेबाने त्याच्यादेखत टाइप केलं. त्या संध्याकाळी त्याची आई, चंद्राबाई, भीमनगर आता नकाशात येणार म्हणून वस्तीभर सांगत फिरली होती.

आज पहिल्यांदाच तो असं यंत्र बसवलेली गाडी घेऊन या रस्त्याला आला होता. वस्तीचा फाटा जवळ आला तशी पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. सदानंदने ती जुळवत जुळवत वाचली. जुनं नाव. जातीचं, शेवटी 'वाडा' जोडलेलं. एक्सलरेटरवरचा त्याचा पाय आपसूक उचलला गेला.

"काय झालं?"

"नाव चुकलंय. ह्ये भीमनगर हाय. आमचं."

मनस्वीने वाकून वाचलं. तिचा चेहरा उतरला. गाडी कडेला घ्यायला सांगून तिने तिथूनच नकाशाच्या कंपनीला फोन लावला, बराच वेळ भांडली.

"सरकारी दप्तरात आहे तेच आम्ही घेतो म्हणतात. रहिवाशाचा एखादा सरकारी कागद पाठवला तर बदलतील. लायसन द्या तुमचं, आत्ता फोटो काढून मेल करते."

सदानंदचा हात शर्टाच्या खिशावर गेला. लायसन तिथंच होतं. त्यावर पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत तेच नाव होतं, पडद्यावरचं. ते बदलून मिळावं म्हणून त्याने दोनदा अर्ज दिला होता. दोन्ही वेळा 'रेकॉर्डला असंच हाय' म्हणून परत आला.

हात खिशावरच राहिला.

"घरी राह्यलं, मॅडम."

"म्हणजे?" मनस्वीचा आवाज बदलला. "लायसन न घेता ठाण्यापासून गाडी चालवताय तुम्ही?"

त्याने हात खिशावरून काढून स्टिअरिंगवर ठेवला.

"मला हे अजिबात चालणार नाही, सदानंद."

"चुकलं माझं," म्हणत त्याने गियर टाकला.