रक्तपेढीतला तिढा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. रक्तपेढीच्या काउंटरमागे, एसीच्या गारठ्यात, जाळीच्या कपाटात माझी अकरा वर्षं गेली. खालच्या मजल्यावर माझा थोरला भाऊ आहे. प्रयोगशाळेतली प्रत्येक नोंद आधी दादाकडे होते, मग मी ती जशीच्या तशी उतरवून घेतो. काउंटरवर दिसते ती माझ्याकडची नोंद. कौतुक मात्र दादाचं. माझी आठवण येते ती काही अडलं की.

माझ्या पोटात दोन प्रोग्राम राबतात. एक नक्कलनीस, तो दादाकडचे बदल माझ्या वह्यांत उतरवतो. दुसरा मोजणीदार, तो कोणत्या गटाच्या किती पिशव्या उरल्या ते मोजतो. एकाने हातात घेतलेली वही त्याचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने ओढायची नाही, असा नियम. दोघेही कामसू, पण महाहट्टी.

एका सकाळी नक्कलनिसाने पिशव्यांची वही धरली आणि कोणती पिशवी कुठे ठेवलीय ती फ्रिजची वही मागितली. फ्रिजची वही मोजणीदाराकडे होती आणि त्याला हवी होती पिशव्यांची. झालं, दोघेही हटून बसले.

तेव्हा काउंटरपुढे एक बाई उभी होती. तिच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन चालू होतं. त्याच्या दुर्मीळ गटाची एकच पिशवी होती. ती तपासूनही झाली होती, पण मी आपला ‘तपासणी बाकी’ असंच दाखवत होतो.

"स्क्रीनवर आल्याशिवाय पिशवी देता येत नाही हो, ताई," काउंटरवरचे काका म्हणाले. त्यांचाही जीव कासावीस झाला होता.

काही अडलं की मला बंद करून पुन्हा चालू करायचं, ही इथली जुनी रीत. काकांनी दोनदा केलं. दोन्ही वेळा माझ्या या शहाण्यांनी उठल्या उठल्या त्याच वह्या धरल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग डेटाबेसवाल्या मॅडम आल्या. त्यांनी मला बंद केलं नाही. कोण कोणासाठी अडून बसलंय, ते शांतपणे वाचलं.

"काका, मोजणी पाच मिनिटं उशिरा झाली तर चालेल?"

"चालेल की."

"मग मोजणीच थांबवते. नक्कल थांबवून भागणार नाही."

मोजणीदाराला माघार घ्यावी लागली. वही सुटली, ‘तपासली’ उमटलं आणि काका पिशवी घेऊन धावले. मॅडम मात्र बसूनच राहिल्या. यापुढे दोघांनीही आधी पिशव्यांची वही मागायची, मगच फ्रिजची, असं त्यांनी ठरवून दिलं. इतकी साधी गोष्ट अकरा वर्षांत कोणाला सुचली नव्हती. मला त्यांचं कौतुक आवरेना.

दुसऱ्या दिवशी नक्कलनिसाने त्याच भावाच्या नावापुढची एक ओळ आणली: ‘बाहेरून मागवलेल्या दुसऱ्या पिशवीची मागणी रद्द. गरज नाही.’ मला धस्स झालं. अशी ओळ दोन कारणांनी येते आणि कारण कोणी लिहीत नाही.

दुपारी तीच बाई काउंटरवर आली. "शुद्धीवर आला. आल्या आल्या माझ्यावरच डाफरला," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा सर्व्हर येईल. तोही कधीतरी अडेल. तेव्हा घाईने बटण दाबू नका, आत कोण कशासाठी थांबलंय ते आधी वाचा. बाहेरही कोणीतरी थांबलेलं असतं.