ओली संत्री

"मले नाव पायजे, दुर्गाबाई. संध्याकाळपर्यंत."

खुशालराव शेठनी मोबाइलवरचा फोटो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. दिल्लीला गेलेल्या गाडीतले चाळीस क्रेट सडले होते आणि चाळीसही क्रेटवर चार नंबरच्या टेबलाची खूण होती. चार नंबर म्हणजे शालू. दिवाळीनंतर कामाला लागलेली, दोन लेकरांची आई, घरात कमावणारी एकटीच.

"अन् नाव नाई देलं त?"

"त मुकादमी दुसरीले देतो. सरळ हाय."

शेठ गेले. दुर्गाबाई स्टुलावर बसून राहिल्या. अमरावतीच्या बायपासजवळच्या या संत्र्याच्या शेडमध्ये त्या बारा वर्षं मुकादम होत्या आणि या उंच स्टुलावरूनच त्यांनी सोळा बायकांवर नजर ठेवली होती. समोरच्या भिंतीवर त्यांनीच हौसेनं रंगवून घेतलं होतं, 'तोंड कमी, हात जास्त.' दराराच असा, की बाई शेडमध्ये शिरल्या की खोकलासुद्धा दबून यायचा.

नाव सांगून मोकळं होणं सोपं होतं. पण शालूचा हात चांगला आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग माल सडला कसा? त्या स्टुलावरून उतरल्या आणि तडक चार नंबरच्या टेबलाशी जाऊन बसल्या. शालूचं तोंड खर्रकन उतरलं.

"काकू, माह्यं काई चुकलं काय?"

"थेच पायाले आली. तू कर काम."

दुर्गाबाईंनी ढिगातलं एक संत्रं उचललं. हाताला गार लागलं. दुसरं उचललं, तेही ओलं. चार नंबरचं टेबल दाराशी. पहाटे तोडलेल्या मालाची पहिली गाडी तिथंच रिकामी व्हायची, अंगावर बागेतलं दव घेऊन. ओलं संत्रं क्रेटमध्ये भरलं की बुरशी धरते, हे या मुलखात कोणाला सांगावं लागतं?

"अवो बाप्पा! हे त ओलं हाय वं!"

"रोजच असते, काकू."

"मंग सांगितलं काहून नाई?"

शेजारच्या टेबलावरच्या कौशल्यानं भिंतीकडे बोट दाखवलं.

"सांगाव कसं? तुमी त तोंड उघडू देत नाई."

शेडमधले सगळे हात थांबले. बारा वर्षांत आपण यातल्या एकीलाही काही विचारलं नाही, या विचारानं दुर्गाबाईंना मनापासून लाज वाटली. पण बाई लाजेनं कोपरा धरणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"चूक माही हाय. मानली. पण तुमालेबी दिसून रायलं होतं न? संत्रं माह्या एकटीचं हाय काय?"

कौशल्यानं हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"नाई," तीच म्हणाली. "आमीबी गपच बसलो."

मग मात्र तोंडं सुटली. ताडपत्रीवर दोन घंटे पसरा, वरून पंखा लावा, तोवर काल दुपारी तोडलेला माल आधी घ्या. एकीचं होत नाही तोच दुसरी. दुर्गाबाई ऐकत होत्या.

संध्याकाळी शेठ आले.

"नाव?"

"दुर्गा. लिहून घ्या." मग त्यांनी ताडपत्रीचं सांगितलं. ते कोणाकोणाला सुचलं, तेही एकेकीचं नाव घेऊन सांगितलं.

शेठनी ताडपत्री मान्य केली. मुकादमी मात्र शालूच्या पलीकडच्या टेबलावरच्या साधनाकडे गेली. शेठ शब्दाचे पक्के होते.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई सगळ्यांच्या आधी आल्या, चुन्याचा डबा घेऊन. भिंतीवरच्या अक्षरांवर त्यांनी तीन हात मारले. मग साधनाच्या रिकाम्या झालेल्या टेबलाशी, शालूच्या बाजूला बसल्या. ताडपत्रीवर संत्री पसरली होती, पंखा फिरत होता. दोन घंट्यांनी त्यांनी पहिलं संत्रं उचललं आणि सवयीच्या हातानं क्रेटकडे नेलं.

"काकू, थांबा!" शालू सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडली. "खालून ओलं हाय थे!"

सगळ्याजणी दुर्गाबाईंकडे पाहू लागल्या.

त्यांनी संत्रं उलटं केलं. खालच्या अंगाला खरंच ओल होती. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि परत ताडपत्रीवर ठेवलं.