ब्याण्णव ठोके

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट आनंदाची नाही. माझ्या पोटातली जीभ केव्हाच काढून घेतली. आता तिथे नुसती एक गंजकी कडी लोंबते, त्यामुळे मला पूर्वीसारखे वाजता येत नाही. पण तुम्ही मधल्या सुट्टीत दगड घेऊन माझ्या अंगावर टकटक करता आणि ठोके मोजत बसता, तेव्हा माझा जीव घाबरा होतो. तो का होतो, ते आज सांगून टाकते.

माझा जन्म भंगारातून झाला. दोरखंडाच्या कारखान्यात काम करणाऱ्या अकरा कुटुंबांनी मिळून एक मंडळी स्थापन केली होती. सुरुवातीला ती माणसे गोदामातल्या तागाच्या गठ्ठ्यांवर बसून उपासना करीत. पुढे त्यांनी सुट्टीच्या दिवशी दगड वाहून टेकाडावर चर्च बांधले, पण घंटा काही त्यांना झेपेना. मग घराघरांतून पितळ गोळा झाले. कोणी खलबत्ता दिला, कोणी दाराच्या कड्या, कोणी मोडका दिवा. आठ वर्षांच्या एका मुलीने आपले पाणी प्यायचे भांडे कोणाला न विचारता आणून टाकले आणि घरी जाऊन मार खाल्ला. इतक्या घरांचे पितळ एकत्र आल्यावर व्हायचे तेच झाले, माझा आवाज घोगरा निघाला. मंडळीचे पहिले पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, "असू दे. निदान आपल्या मंडळीच्या गाण्याशी सूर तरी जुळेल."

मला दोन दोर होते. दोन्ही त्याच कारखान्यात वळलेले. जाड दोर मला सबंध हलवायचा. तो ओढायला दोन माणसे लागत आणि रविवारी उपासनेसाठी तोच ओढत. बारीक दोर नुसता माझ्या जिभेला बांधलेला होता. तो एकट्याला पुरे. मात्र त्याला हात लागायचा तो मंडळीतले कोणी गेले तरच. माणसाचे जितके वय तितके ठोके, आणि दोन ठोक्यांमध्ये एक लांब श्वास.

हा रिवाज पहिल्या पाळकांनीच पाडला. कारखान्यातल्या माणसांना काम सोडून येता येत नसे, म्हणून जो जिथे असेल तिथेच त्याने हात थांबवावा, ठोके मोजावेत, कोण गेले ते ओळखावे आणि एका ओळीची प्रार्थना करावी. मंडळी यात पटाईत झाली. चौतीस ठोके झाले की चांभाराची बायको, एकसष्ट झाले की जुने मास्तर. शवपेटी उचलायच्या आधी अख्ख्या वस्तीची प्रार्थना झालेली असते, असे पाळक व्यासपीठावरून कौतुकाने सांगत. खोटे कशाला बोलू, मलाही त्याचा अभिमान होता.

माझे शेवटचे घंटावाले म्हणजे घंटेकाका. बायको लवकर गेली, घरात ते आणि त्यांची एकुलती एक मुलगी. ती कारखान्याच्या वरच्या मजल्यावर बारीक दोऱ्या वळायची. रविवारी जाड दोराला बाप आणि लेक मिळून लोंबकळत. तिचे पाय जमिनीवरून उचलले जात आणि ती हसायची. "काका" असे सगळे म्हणायचे, म्हणून तीही बापाला कधीकधी चिडवायला "काका" म्हणायची. माझा जुना बारीक दोर झिजला तेव्हा नवा तिनेच वळून आणला. "बाबा, हा तुम्हाला फारसा लागू नये," म्हणाली.

तो दिवस साधा कामाचा होता. दुपारी घंटेकाका माझ्या आसाला वंगण लावायला मनोऱ्यावर आले होते. खिडकीतून त्यांना कारखाना दिसला. डांबराची भट्टी असल्यामुळे तिथून धूर रोजच निघे, त्याकडे कोणी बघत नसे. पण त्या दिवशी वरच्या मजल्याच्या कौलांखालून जाळ दिसत होता. त्या मजल्यावर सव्वीस बायका होत्या. मजल्याला जिना एकच, तो खाली मागच्या दाराशी उतरायचा, आणि त्या दाराबाहेर तागाचे गठ्ठे रचून ठेवलेले. आतून ते दार उघडणे शक्य नव्हते. बाहेरून चार माणसांनी गठ्ठे ओढले असते तर दोन मिनिटांचे काम.

घंटेकाका दुखऱ्या गुडघ्यानिशी बासष्ट पायऱ्या उतरले. त्यांनी आधी जाड दोर धरला. सगळा भार टाकून लोंबकळले, पण मी जेमतेम डुलले. त्यांच्याबरोबर दोर ओढणारी तिकडे जाळात होती. मग त्यांनी बारीक दोर पकडला. पहिले पाच ठोके त्यांनी धडाधड मारले. त्यानंतर मात्र काय झाले, ते फक्त मला ठाऊक आहे. तीस वर्षे तो हात त्या दोराला एकाच रीतीने ओढत आला होता. ओढायचे, श्वास घ्यायचा, ओढायचे. काकांच्या तोंडून "धावा, धावा" निघत होते आणि हात जुन्या वाटेने चालला होता. मला ओरडावेसे वाटले. पण घंटेला स्वतःचे ओरडणे नसते.

खाली वस्तीत सगळ्यांनी हात थांबवले. न्हाव्याने वस्तरा वर धरला. शाळेत बाईंनी मुलांना गप्प केले आणि मुलांचे ओठ हलू लागले.

"तिशी ओलांडली," शिंपी म्हणाला. "चला, तरणं कोणी नाही."

"साठ. सुतारमामा असणार. परवा किती खोकत होते."

"मी इथं आहे," सुतारमामा समोरच्या ओट्यावरून म्हणाले. "मोज पुढं."

आणि ते पुढे मोजत राहिले. सत्तर झाले, ऐंशी झाले. शेवटी सगळ्यांच्या नजरा एकाच दाराकडे वळल्या. तिथे मंडळीतली सर्वांत म्हातारी आजी खुर्ची टाकून बसली होती. लहानपणी माझ्यासाठी भांडे देणारी मुलगी ती हीच. तिला एक्याण्णव वर्षे झाली होती. तीही बोटांवर मोजत होती. ब्याण्णवावा ठोका पडला आणि ती काठी टेकत उठली.

"माझ्याहून म्हातारं इथं कोणी नाही," ती म्हणाली. "अरे, हे मयत नाही. धावा."

माणसे धावली. गठ्ठे ओढले, दार उघडले. सव्वीसांपैकी सात बायका जिवंत निघाल्या. घंटेकाकांची मुलगी त्यांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारीक दोर काकांनी कोणाच्याही हाती दिला नाही. एकोणीस जणींचे ठोके त्यांनी एकट्याने दिले. मुलीचे चोवीस त्यांनी सर्वांत शेवटी ठेवले होते. चोवीस झाल्यावर ते दोर सोडीनात, तेव्हा पाळकांनी त्यांची बोटे एकेक करून सोडवली.

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, "देवाची इच्छा." आजी पुढच्याच रांगेत उभी होती.

"देवाला मधे आणू नका," ती म्हणाली. "मोजत आपण बसलो होतो."

पुढच्या आठवड्यात पंचांची बैठक झाली. घंटा संथ वाजली की जलद, एवढेच विचारायचे ठरले होते. एकेक जण उभा राहून सांगून गेला की संथ वाजली, मयताची वाजली. घंटेकाका म्हणाले, "मला वाटलं मी जोरात वाजवतोय." त्यांच्यावर ठपका आला. त्यांचे काम गेले आणि माझी जीभ काढून प्रभुभोजनाच्या भांड्यांबरोबर कपाटात कुलूपबंद झाली. मंडळीने सुटकेचा निःश्वास टाकला. सगळ्यांचा दोष एकाच्या पाठीवर लादला की बाकीच्यांना ताठ चालता येते, हे मी त्या दिवशी पाहिले.

घंटेकाका तरीही दर रविवारी येत. शेवटच्या बाकावर बसत आणि त्या बाकावर दुसरे कोणी बसत नसे. फक्त आजी आपला पहिला बाक सोडून मागे त्यांच्या शेजारी येऊन बसू लागली. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. मग काका एकटे. चार वर्षांनी तेही गेले. दोघांसाठीही एक ठोका पडला नाही. मेलेल्या बायकांची घरे हळूहळू गाव सोडून गेली, उरलेल्यांना एकमेकांच्या डोळ्यांत बघवेना. शेवटच्या उपासनेला नऊ माणसे होती, आणि ती नऊ बाकांवर बसली होती. चर्चला टाळे लागले. मला उतरवून तुमच्या शाळेच्या आवारात ठेवले, त्यालाही आता एकेचाळीस वर्षे होत आली.

काल, मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी गंमत म्हणून मला पाच दगड पटापट मारले. पाण्याच्या टाकीजवळ भांडी घासणाऱ्या मावशी हातातले पातेले तिथेच टाकून, साबणाच्या हातांनी धावत आल्या. "कोणाला लागलं?" त्यांनी विचारले. कोणाला काहीच लागले नव्हते. तुम्ही पोट धरून हसलात आणि त्या बिचाऱ्या ओशाळून परत गेल्या.

त्यांना हसू नका. माझी एवढी एकच विनवणी आहे. मला पुसू नका, घासू नका, पुन्हा मनोऱ्यावर चढवू नका, काही नको. पण हाक ऐकू आली तर ती कोणाची, कशाची, याचा हिशेब लावत उभे राहू नका. आधी धावत जा. फुकट धावलात तर फार तर कोणी हसेल.

घंटेकाकांनी पहिले पाच ठोके अगदी असेच पटापट मारले होते. ते सगळ्या वस्तीने ऐकले होते, आणि मोजणीत धरलेही होते.