एक टोक धक्क्यावर, एक जहाजावर

मी एका सहलीच्या जहाजाची जुनी शिडी आहे. मित्रांनो, शिडी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भिंतीला टेकून निवांत उभी असलेली शिडी येते. तसले सुख माझ्या नशिबी नाही. माझे वरचे टोक जहाजाच्या दाराला जखडलेले आणि खालचे धक्क्यावर, दोन चाकांवर. भरतीने जहाज उचलले की चाके जहाजाकडे सरकतात, ओहोटी लागली की पुन्हा दूर. स्वस्थ बसणे म्हणजे काय, ते मला ठाऊकच नाही.

एका कारखान्यात पत्रे कापून, ठोकून, जोडून मला घडवले. पहिल्या सफरीला माझ्या कठड्यांवर फुलांच्या माळा होत्या आणि जो तो माझ्यावर उभा राहून फोटो काढून घेत होता. मी अगदी हरखून गेले होते. पुढे माळा सुकल्या, रंग उडाला आणि कुणी घसरले तरच माझी आठवण निघू लागली, तीही शिव्या घालायला.

सुट्टीवर आलेल्या माणसांइतकी अस्वस्थ माणसे मी पाहिली नाहीत. जहाजावर असली की कधी एकदा उतरतो असे त्यांना होते आणि उतरली की जहाज आपल्याला सोडून जाईल म्हणून जीव टांगणीला. कामाची माणसे मात्र क्वचितच उतरतात. त्यांत खोल्या आवरणारी एक ताई होती. चादरी धुऊन, बदलून तिचे हात खरखरीत झालेले, ते मला कठड्यावर जाणवायचे. लेक रांगत होती तेव्हा तिला बहिणीकडे ठेवून ही जहाजावर आली. लेक चालू लागली, बोलू लागली, ते सगळे हिने फोनवरच पाहिले.

एकदा जहाज तिच्याच गावाला लागणार असे ठरले. तिने बहिणीला कळवले, दोन वाजता छकुलीला घेऊन धक्क्यावर ये, मला तासाभराची सुटी आहे. चूक झाली ती इथेच. जहाजाचे घड्याळ वेगळे असते आणि एका दिवसाच्या मुक्कामासाठी ते कुणी बदलत नाही. त्याच घड्याळावर जगून ताईच्या डोक्यातून गावचे घड्याळ पार निघून गेले होते. ते एक तास मागे होते.

ताई उतरली आणि माझ्या पायथ्याशी येरझारा घालू लागली. शेवटी फोन लावला, तर बहीण म्हणाली, अजून दोन कुठे वाजलेत, आम्ही निघतोच आहोत. ताईचा चेहरा उतरला. लगेच निघा म्हणून तिने विनवले, पण घर लांब होते. सुटी संपली. ती वर आली, दारातल्या पहारेकऱ्याने तिची हजेरी लावली. एकदा हजेरी लागली की कामगाराला पुन्हा उतरता येत नाही.

ती आत वळणार, तोच मावशीचे बोट धरून छकुली धक्क्यावर आली. बिनपासाच्या माणसाला जहाजात मज्जाव होता. ताई दारातच खिळून राहिली. पहारेकऱ्याने एकदा खाली पाहिले, एकदा तिच्याकडे.

"त्यांना आत घेता येत नाही, तुला धक्क्यावर सोडता येत नाही," तो म्हणाला. "शिडीचं मला कोणी काही सांगितलेलं नाही."

ताई धावली. छकुली कठडा धरून, मावशीसोबत एकेक पाऊल टाकत वर येत होती. माझ्या मधोमध त्यांची गाठ पडली. त्या दिवशी मला जन्मात पहिल्यांदा स्थिर राहावेसे वाटले आणि नेमके तेच जमेना.

छकुली मावशीच्या मागे दडली.

"मावशी, ही फोनमधली आई का?"

"तीच."

"फोनमध्ये छोटी होती."

ताई हसली, रडली आणि तिने लेकीला उचलून घेतले.

खाली धक्क्यावर, जहाजाकडे परतणाऱ्या प्रवाशांची रांग तटली. पिशव्या सावरत लोक कुरकुरू लागले, एक जण कोपराने वाट काढू लागला. सगळ्यांत पुढे टोपीवाले आजोबा होते. त्यांची खोली ताईच आवरायची. ते सरळ माझ्यावर बसकण मारून बसले.

"मला दम लागलाय," ते म्हणाले. "जरा थांबा सगळे."

मित्रांनो, माझ्यावर बसलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. आजोबांना दमबिम काही लागलेला नव्हता.

मग भोंगा झाला. ताईने लेकीला मावशीकडे दिले, पण छकुली तिच्या गणवेशाचे बटण सोडेना.

"आता परत फोनमध्ये जाणार?"

ताईने तिची मूठ हळूच सोडवली आणि ती चढून गेली. प्रवासी चढले, मला ओढून घेतले आणि जहाज सुटले.

तेव्हापासून मी जास्तच बेचैन असते. माझी चाके गंजली आहेत, कठडा खिळखिळा झाला आहे. त्यांची डागडुजी करा असे मी म्हणणार नाही. मागणे एवढेच आहे की माझ्यावरून जाताना मधे कुणी थांबलेले दिसले, तर त्याला ढकलू नका. तुम्हाला फिरायला सगळे गाव असते. काहींच्या वाट्याला तेवढीच जागा येते.