चरवीभर दूध

तालमीच्या कट्ट्यावर बसून पिराजीने चरवी तोंडाला लावली. समोर त्याचे वडील, आकाराम, उभे होते. चरवी रिकामी होईपर्यंत ते जागचे हलत नसत.

संस्थान विलीन झाले आणि तालमीला असलेला दरबारचा आधार सुटला. तेव्हापासून तीन वर्षे आकाराम रोज सकाळी उचगावहून म्हशीचे धारोष्ण दूध घेऊन चालत येत. घरात म्हैस एकच होती. पिराजीच्या बहिणी कोरा चहा पीत.

दूध प्यायल्यावर तासाभरात पिराजीचे पोट गुरगुरू लागे. दिवाळीनंतर अंगावर पुरळ उठले, खाजवून त्यातून पाणी येऊ लागले. वडील यायच्या वेळी तो सदरा चढवून बसे. पण वस्ताद सयाजींपासून काय लपणार? त्यांनी त्याचा हात उजेडात धरून पाहिला आणि कातडी निवळेपर्यंत कुस्तीच्या हौद्यात उतरायचे नाही, असे बजावले. मग जोडीदारही त्याच्या शेजारी बसेनासे झाले. आत तांबड्या मातीत कुस्त्या चालत आणि पिराजी बाहेरच्या कट्ट्यावर एकटाच जोर काढी.

शाहूपुरीतल्या यज्ञेश्वर वैद्यांनी पुरळ पाहण्याआधी पोटाचे विचारले. म्हणाले, दूध सगळ्यांनाच मानवते असे नाही. महिनाभर ते बंद करून भाकरी, मूग आणि ताकावर राहा, पोट निवळले की कातडी निवळेल.

वैद्यांनी हे सांगून आठ दिवस झाले होते. आठही दिवस पिराजी दूध पीत होता.

आज त्याने अर्धी चरवी खाली ठेवली.

"आण्णा, मला दूध सोसत न्हाय."

मग खाली बघत त्याने वैद्यांचे सगळे बोलणे सांगितले. आकारामनी त्याची बाही वर सारली. कोपर वळवून बराच वेळ पाहिले.

"पैल्यांदा मानंवर उठलं आसंल," ते म्हणाले. "मागनं काखंत."

पिराजीने मान वर केली. हे त्याने सांगितले नव्हते.

"माझ्या टायमाला पोटाचं कुणी इचारलं न्हाय. रगातच वंगाळ म्हणाली समदी. तालीम सुटली."

"कधी बोलला न्हाईसा."

"कसं बोलनार? तुज्या आज्ज्यानं माझ्यासाठनं म्हस घेतल्याली."

उरलेले दूध तिथेच ठेवून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले. कट्ट्यावर वस्ताद होते, चार पैलवान होते. आकारामनी फडके बांधलेली चरवी सगळ्यांसमोर मुलाच्या हातात दिली.

पिराजीने घोट घेतला. आत ताक होते. गार, आंबूस. तो क्षणभर थांबला, मग पीत राहिला.

आकाराम वस्तादांकडे वळून सांगत होते, म्हैस सध्या सकाळची चार शेर देती, आणि दूध कसं, निव्वळ साय.